खूण क्रमांक चौदा

१ जानेवारी १९५३, गुरुवार

ही वही एक्स्चेंजमधल्या मुलींनी निवृत्तीच्या दिवशी दिली. वर सोनेरी अक्षरांत साल छापलेलं असल्यामुळे तीन महिने थांबावं लागलं. तेवीस वर्षं मी टेलिफोनवर लोकांची बोलणी जोडून दिली. कोणी कुठून कुठे फोन लावला, किती मिनिटं बोलणं झालं, लाइन का तुटली, याची नोंद ठेवायची आणि कारण समजलं नाही तर तसं लिहायचं. आता एखादी गोष्ट लिहिली नाही तर ती घडलीच नाही असं मला वाटतं.

घर पुरं होऊन अडीच महिने झाले. ठाण्याच्या खाडीकडच्या अंगाला, कोपरीत, मिठागरांच्या अलीकडे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे पडवी, बाजूला विहीर. जागा धाकू नावाच्या आगऱ्याकडून घेतली. प्लॅन म्युनिसिपालिटीने पास केलेला आहे आणि शिक्क्यासकट माझ्या ट्रंकेत आहे.

पुढची खोली गोदाताईची. माझी थोरली बहीण. एकोणिसाव्या वर्षी विधवा झाली आणि नंतर चव्वेचाळीस वर्षं दिराच्या घरी स्वयंपाकघराच्या दारामागे अंथरूण घालून झोपली. इथे आली त्या दिवशी तिने खोलीची आतली कडी तीनदा लावली आणि तीनदा काढली. मी विचारलं, नीट बसत नाही का? म्हणाली, बसते.

९ जानेवारी

आज कुंपणाच्या कामाला महिपत गवंडी आला. जागेच्या पुढच्या कोपऱ्यावर, अगदी गल्लीला लागून, शेंदूर फासलेला गुडघाभर दगड आहे. धाकूची माणसं त्याला देव म्हणतात आणि येताजाता हात जोडतात. येणाऱ्याला माझ्या घराचं पहिलं दर्शन म्हणजे तो ओघळलेला शेंदूर. तिथे मला गुलाब लावायचे आहेत. फेकूनच देणार होते, पण गोदाताईचा चेहरा पाहून तडजोड केली. देव आत घ्यायचा, विहिरीच्या कट्ट्याजवळ.

महिपत हात लावायला तयार होईना. शेवटी पहारीला मी स्वतः हात घातला, तेव्हा शरमून पुढे आला. दगड वर दिसतो त्याच्या दुप्पट जमिनीत होता. टेपने मोजून, कुंपणाशी काटकोनात, बरोबर अकरा फूट आत बसवला. काम करायचं तर नीट करावं. धुताना शेंदराचा पापुद्रा निघाला तर खाली चक्क क्रूस कोरलेला, आणि त्याच्याखाली काही रेघोट्या. मला कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर अ‍ॅग्नेस आठवल्या. म्हटलं, यांच्या देवाचा बाप्तिस्मा झालेला दिसतो. गोदाताईला विनोद कळला नाही. संध्याकाळपर्यंत तिने पुन्हा शेंदूर लावला.

२ फेब्रुवारी

धाकू आला होता. साठीचा आहे, मिठागरावर मुकादम, आणि बोलताना समोरच्याकडे न बघता खाडीकडे बघतो. मला ‘बाय’ आणि ‘तू’ म्हणतो. मी त्याला बजावलं की मला तुम्ही म्हणायचं. ‘बरं बाय,’ म्हणाला, ‘तू सांगतेस तर.’

त्याने आधी रिकाम्या कोपऱ्याकडे पाहिलं, मग विहिरीकडे, मग परत कोपऱ्याकडे. म्हणाला, देव हलवायचा नव्हता, त्याची जागा मोजूनमापून ठरलेली आहे. कोणी मोजली, असं मी विचारलं. तर म्हणे याच्या आज्याच्या लहानपणी घोड्यावरून गोरा साहेब आला होता, चार दिवस तंबू ठोकून राहिला आणि त्याने देव बसवला. मी तेवीसातली अठरा वर्षं गोऱ्या साहेबांच्या हाताखाली काढली. घोड्यावरून फिरून शेंदूर फासणारा एकही मला भेटला नाही. तसं सांगितलं. तो खाडीकडे बघत राहिला.

१९ जुलै, रविवार

अत्यंत संतापजनक दिवस. सकाळी धाकू धावत आला, त्याच्या सुनेला मिठागराच्या बांधावर साप चावला होता. पोटुशी मुलगी. मला काय येतं यातलं? पण पोस्टात टेलिफोन आहे, रविवार म्हणून बंद. पोस्टमास्तरला घरून उठवलं. त्याने कपडे घालायला सहा मिनिटं घेतली. मग ऑपरेटर. कोणी नवी मुलगी, जांभया देत बोलत होती. ‘लाइन बिझी आहे.’ मी विचारलं, कुठली लाइन, कोणत्या बोर्डावर, किती वेळ? एक शब्द सांगता येईना. मी तिला तिच्या सुपरवायझरचं नाव सांगितलं, त्या सुपरवायझरला कोणी शिकवलं तेही सांगितलं. तेव्हा दोन मिनिटांत डॉक्टर मिळाले. डॉक्टर म्हणाले मोटार धुवायला काढली आहे. म्हटलं, ओली आणा. आणली. त्या ऑपरेटरविरुद्ध चार पानांची तक्रार लिहून टाकली आहे. हा दर्जा राहिला तर टेलिफोन खात्याचं काय होणार, कळत नाही.

मुलगी वाचली असं गोदाताई सांगत होती.

५ ऑक्टोबर

पेन्शनसाठी गेले होते. परत आले तर गोदाताई म्हणाली, म्युनिसिपालिटीची दोन माणसं साखळी घेऊन येऊन गेली. गल्लीचा रस्ता रुंद करणार आहेत, त्याची मोजणी. काय काय मोजलं, असं मी विचारलं. म्हणाली, बराच वेळ देवापाशी उभी होती. आता म्युनिसिपालिटीची माणसंही नोकरीच्या वेळेत देवदर्शन करायला लागली.

२३ ऑक्टोबर, शुक्रवार

नोटीस आली. शब्दशः उतरवून ठेवते.

‘सर्व्हे खूण क्रमांक १४ पासून मोजणी केली असता असे आढळून आले आहे की, आपल्या घराची पडवी संपूर्ण व पुढील खोलीचा भाग मिळून अकरा फूट बांधकाम रस्त्याच्या हद्दीत येत आहे. सदर बांधकाम तीस दिवसांचे आत स्वखर्चाने काढून टाकावे. कसूर केल्यास ते पाडण्यात येईल.’

तीनदा वाचलं. त्याच म्युनिसिपालिटीने वर्षापूर्वी प्लॅन पास केला आहे. पाया खणताना त्यांचाच माणूस उभा होता आणि माझा चहा पीत होता. घर मुंगीसारखं पुढे चालत गेलं काय?

गोदाताईने विचारलं, पुढची खोली म्हणजे माझी? मी म्हटलं, कोणाची हिंमत नाही. ती म्हणाली, बरं.

२६ ऑक्टोबर

म्युनिसिपालिटीत गेले. ओव्हरसियर सुधीर चौबळ. पंचविशीचा, केसांना तेल, कानाला पेन्सिल. बोलतो मात्र अदबीने, त्यामुळे जास्तच राग येतो. मी ट्रंकेतला प्लॅन टेबलावर पसरला. त्याने नीट पाहिला. म्हणाला, प्लॅन बरोबर आहे.

‘मग घर चूक कसं?’

‘प्लॅनमध्ये खूण जागेच्या पुढच्या कोपऱ्यावर आहे, बाई. आम्ही जागेवर खुणेपासूनच मोजलं. खूण काही हलत नसते. बांधणारे पुढे सरकतात.’

खूण म्हणजे काय असतं, ते मी विचारलं. म्हणाला, दगड असतो, फुली कोरलेली, खाली आकडा. मी म्हटलं, वर्षभर त्या जागेत राहते आहे, असला दगड मला एकदाही दिसला नाही. तो म्हणाला, मला दिसला. मी त्याला डोळे तपासून घ्यायला सांगितलं आणि उठले. दगड कुठे दिसला याबद्दल तो काहीतरी सांगत होता, पण तोपर्यंत मी जिन्यात होते. उद्धट माणसाचं वाक्य पुरं होऊ देऊ नये, हे मी टेलिफोनच्या बोर्डावर शिकले.

२७ ऑक्टोबर

दिवसभर खुणेचा दगड शोधला. महिपतला बोलावून कोपऱ्यावरचा गुलाबाचा वाफा खणला. सगळे गुलाब गेले. दोन फूट खाली गेलो. एक फुटका माठ आणि बरेच शिंपले निघाले, दगड नाही. महिपतचं लक्ष कामात नव्हतं, सारखा विहिरीकडे बघत होता.

‘बाई, इथं दगड एकच होता. आपण काढला तो.’

‘देव नकोय मला, दगड हवाय. सरकारी.’

त्याने खड्डा बुजवायला घेतला. दमून विहिरीच्या कट्ट्यावर टेकले, पाय शेंदूर लागू नये म्हणून वर घेतले, आणि विचार केला. खूण इथे नाही. म्हणजे एकतर ती कधी नव्हतीच आणि म्युनिसिपालिटी खोटं बोलते आहे, किंवा होती आणि कोणीतरी नेली. नेणार कोण? या जागेची खडान्‌खडा माहिती असलेला माणूस एकच आहे.

त्याने हे का करावं ते मात्र कळत नाही. जागेचे पैसे त्याला पुरे पोचले आहेत.

१० नोव्हेंबर

दिवाळी कशीबशी झाली. तीन पत्रं पाठवली, दोन इंग्रजीत. उत्तर आलं की पत्रं मिळाली.

गोदाताईने स्वतःची ट्रंक भरून ठेवली आहे. मी कपडे परत काढून फळीवर ठेवले, तिने पुन्हा भरले. म्हणाली, दिराच्या नातवाने पत्र लिहिलं आहे, तिकडे जागा आहे म्हणून. कुठे जागा आहे ते मला माहीत आहे. दारामागे.

‘विमल, देव जागेवर ठेव. तो हलवलास तिथून हे सगळं सुरू झालं.’

मी तिला शांतपणे समजावून सांगितलं की रस्त्याची रुंदी देव ठरवत नाही, इंजिनिअर ठरवतो. ती म्हणाली, मी कुठे काय म्हणते, तू फक्त जागेवर ठेव. हे असं. एका बाजूला म्युनिसिपालिटी आणि दुसऱ्या बाजूला अंधश्रद्धा. मध्ये मी.

१५ नोव्हेंबर

आज धाकू स्वतः आला आणि पडवीच्या पायरीवर बसला. आज त्याने खाडीकडे बघितलं नाही, जमिनीकडे बघितलं. त्याचं बोलणं जसंच्या तसं लिहिते, कारण मला यात काहीतरी दडलेलं वाटतं.

‘बाय, आयक. ज्यानं देव हालवला त्यानं आपले हातानी परत बसवाचा आन एक नारल फोडाचा. आमचे गावान अशीच रीत हाय. मंग कुनी काय इचारत नाय. उद्याच करू. उचलाला मानसं मी आनतो.’

मी विचारलं, एवढी घाई का?

‘मोठा सायेब परत मोजाला येल. त्याचे अगुदर कर.’

मोठे साहेब फेरमोजणीला येणार हे मला काल संध्याकाळच्या टपालाने कळलं. याला कसं कळलं? आणि नारळाच्या निमित्ताने माझ्या हद्दीत माणसं घुसवायची, मग दरवर्षी जत्रा भरवायची, मग म्हणायचं ही देवाची जागा. सगळं लख्ख दिसलं. मी त्याला सांगितलं की माझ्या कुंपणाच्या आत कोणीही नारळ फोडणार नाही. तो उठला. जाताना गोदाताईकडे बघून नुसती मान हलवली. तिनेही हलवली. या दोघांचं काय चाललं आहे?

२४ नोव्हेंबर

ठाण्याच्या कचेरीतून मोजणीचे मोठे साहेब आले. बरोबर दोन माणसं आणि तो चौबळ. त्यांनी या वेळी खाडीकडच्या दुसऱ्या खुणेपासून मोजत आणलं. मी पडवीत खुर्ची टाकून बसले होते, नजर ठेवून. शेवटी सगळे बराच वेळ विहिरीपाशी उकिडवे बसले. तहान लागली असेल म्हणून मी गोदाताईला तांब्या न्यायला सांगितलं.

साहेब म्हणाले ते असं. खूण क्रमांक चौदा तिच्या मूळ जागेवर नाही. अकरा फूट हललेली आहे.

म्हणजे मी म्हणत होते तेच. मला आनंदाने बोलता येईना, आणि हे माझ्या बाबतीत क्वचित होतं. पण पुढे म्हणाले, नोटीस इतक्यात रद्द होणार नाही. खूण मूळ कुठे होती आणि कोणी हलवली याची चौकशी होईल. सरकारी खूण हलवणं हा गुन्हा आहे. साक्षीपुरावा झाला तर घर वाचेल, नाही झाला तर नोटीस कायम. माझं म्हणणं लेखी मागितलं.

तिथेच बसून लिहून दिलं. एक, माझ्या घरातल्या कोणीही हद्दीच्या खुणेला कधीही हात लावलेला नाही, हे मी शपथेवर सांगते. दोन, माझा संशय जागा विकणाऱ्या धाकूवर आहे. त्याची कारणं चार. चौबळ माझ्याकडे असा बघत होता की जणू मी परक्या भाषेत लिहिते आहे.

२ डिसेंबर

धाकूला समन्स गेलं. दोन दिवसांत सगळ्या वस्तीला कळलं. त्याची बायको ठमाबाई रोज सकाळी गोदाताईला कोलीमची सुकट नाहीतर शेवग्याच्या शेंगा आणून द्यायची, ती आली नाही. महिपत सांगत होता, गावकीच्या बैठकीत धाकू नेहमी मधल्या खांबाला टेकून बसायचा. परवा कोणी सरकून जागा दिली नाही, तो दाराशी बसला. यांच्यात बाकी काहीही चालतं म्हणे, पण बांध सरकवणाऱ्याच्या घरचं पाणी पीत नाहीत.

त्याने आधी विचार करायला हवा होता.

गोदाताई जेवताना म्हणाली, ‘तू कागदावर धाकूचं नाव लिहिलंस?’

‘लिहिलं.’

तिने ताट तसंच ठेवलं, खोलीत गेली आणि आतून कडी लावली. दुपारचे दोन वाजले होते. मी दाराबाहेरून सांगितलं की हे सगळं मी तिच्याच खोलीसाठी करते आहे. आतून काही आवाज आला नाही. मी आवाजावरून माणूस ओळखते. आवाजच नसेल तर काय ओळखणार?

९ डिसेंबर

मन ठिकाणावर नाही. मी बरोबर आहे हे मला माहीत आहे. मग मी दिवसातून चार वेळा त्या कोपऱ्यावर जाऊन का उभी राहते? तिथून जाणारी माणसं अजूनही चालता चालता त्या रिकाम्या जागेला हात जोडतात. मला नाही.

१४ डिसेंबर, सोमवार

आज चौकशी झाली. क्रमाने लिहिते. क्रम सुटला तर मला काहीच कळणार नाही.

टांग्याने कचेरीत गेले. ही वही बरोबर घेतली होती, कारण हिच्यात सगळ्या तारखा आहेत. बोलावणं साडेअकराला होतं. व्हरांड्यात बाकावर मी एका टोकाला आणि धाकू दुसऱ्या टोकाला, धुतलेल्या धोतरात. तो बाकावर बसायला तयार नव्हता, शिपायाने बसवलं.

आत आधी चौबळ उभा राहिला. साहेबांनी विचारलं, तुम्ही मोजलंत तेव्हा खूण कुठे होती? त्याने सांगितलं, ‘विहिरीच्या कट्ट्याजवळ, साहेब. लोकांनी तिचा देव केलाय. शेंदूर खरवडून पाहिला, खाली फुली आणि चौदाचा आकडा आहे.’

मला हे वाक्य ऐकू आलं. शब्द सगळे मराठी होते. तरी ते आत पोचायला वेळ लागला, लांबच्या ट्रंक कॉलवर लागतो तसा. मग मी वही उघडली. नऊ जानेवारी. बरोबर अकरा फूट. क्रूस. रेघोट्या.

साहेब तोवर धाकूकडे वळले होते. खूण मूळ कुठे होती? धाकूने बोटाने हवेत गल्ली काढली, कोपरा काढला, म्हणाला, हितं. त्याच्या बापाने आणि आज्याने तिथेच हात जोडले. साहेबांनी विचारलं, मग हलवली कोणी?

‘कुनी नाय, सायेब. देव आपले पायानी जेला.’

कारकून हसला. साहेब हसले नाहीत. म्हणाले, हे मला लिहिता येणार नाही. तुम्ही नाव सांगितलं नाहीत तर बाईंच्या तक्रारीवरून तुमच्यावर खटला होईल. जागा तुमची होती, देव तुमचा, संशय तुमच्यावर. धाकूने खिडकीबाहेर पाहिलं. तिथून खाडी दिसत नाही, नुसती भिंत दिसते.

‘मंग माजं नाव लिवा.’

कारकुनाने टाक शाईत बुडवला. मी उभी राहिले. म्हटलं, थांबा, माझ्याकडे नोंद आहे. आणि नऊ जानेवारीचं पान वाचून दाखवलं. पहारीला मी स्वतः हात घातला, तेही वाचलं. मध्ये थांबायला हवं होतं, पण नोंद अर्धी वाचायची सवय मला नाही, त्यामुळे बाप्तिस्म्याचा विनोदही वाचला गेला. कोणी हसलं नाही. तो विनोद मुळातच चांगला नव्हता.

साहेबांनी चष्मा काढला. ‘बाई, तुम्ही शपथेवर लिहून दिलंय की तुमच्या घरातल्या कोणी हात लावला नाही.’

‘लिहून दिलंय. ते खोटं आहे. खोटं आहे हे मला नऊ मिनिटांपूर्वी कळलं.’

शाळेत खोटं बोलणाऱ्या मुलीला सिस्टर दाराबाहेर उभं करायच्या आणि मी मॉनिटर म्हणून पाटीवर तिचं नाव लिहायचे. आज पाटी कुठे ठेवायची ते समजत नव्हतं. साहेबांनी ‘गैरसमजुतीने’ असा शब्द घालून सगळं लिहून घेतलं. मला दंड आणि लेखी ताकीद. खूण आठ दिवसांत चौबळसमोर जागेवर बसवायची. नोटीस रद्द. धाकूला जायला सांगितलं.

घर वाचलं. व्हरांड्यात आले तेव्हा हे लक्षात आलं, आणि आनंद झाला की नाही ते अजून ठरलेलं नाही.

धाकू पायऱ्या उतरत होता. मी हाक मारली. माफी कशी मागायची याची दोन वाक्यं मनात तयार केली होती, त्यातलं एकही आलं नाही. त्याच्या चेहऱ्यावर चक्क वैताग होता.

‘काय गरज व्हती, बाय? मी बोललो व्हतो ना.’

मी विचारलं, स्वतःचं नाव का लिहायला सांगितलंत? मी त्याला ‘तुम्ही’ म्हणाले, ते माझं मलाच नंतर कळलं. तो म्हणाला, टांगा मिळेल का बघतो. आणि गेला.

१५ डिसेंबर

गोदाताईला सगळं सांगितलं. तिला कशाचंच आश्चर्य वाटलं नाही. मी विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली, ती माणसं देवापासूनच मोजत होती, मी तुला त्याच दिवशी सांगितलं.

‘मग देव म्हणजेच खूण, असं स्पष्ट का नाही सांगितलंस?’

‘रोज सांगत होते. देव जागेवर ठेव म्हणून.’

मी मागची पानं काढून पाहिली. खरंच सांगत होती. महिपतही सांगत होता. धाकूने फेब्रुवारीत सांगितलं, नोव्हेंबरात सांगितलं. चौबळचं वाक्य मी जिन्यात असताना चालू होतं. सगळे तेच सांगत होते आणि मी तेच उतरवून घेत होते. नोंदीत एक चूक नाही. घोड्यावरचा साहेबही खराच निघाला.

तेवीस वर्षं मी नेमकं काय ऐकत होते?

२० डिसेंबर, रविवार

आज दगड जागेवर गेला. चौबळ साखळी घेऊन आला होता. धाकूने चार माणसं आणली. दगड त्यांनी उचलला, पण खड्ड्यात बसवताना मला पुढे केलं. ज्याने हलवला त्याचे हात लागायला हवेत म्हणे. मी हात लावले. चौबळने मोजलं, अर्धा इंच इकडे सरकवला, म्हणाला, झालं.

मग नारळ. नारळ फोडणं मला कोणी शिकवलेलं नाही. पहिल्या खेपेला हातातून सुटला आणि चौबळच्या बुटावर गेला. दुसऱ्या खेपेला नुसता आवाज झाला. ठमाबाई तोंडाला पदर लावून हसत होती. तिसऱ्या खेपेला धाकू म्हणाला, ‘बाय, फोन नाय कराचा, माराचा हाय.’ सगळे हसले. पाचव्या खेपेला फुटला. पाणी माझ्या पायावर उडालं. गावकीतले दोन म्हातारे आले होते, त्यांनी धाकूच्या हातून खोबरं घेतलं आणि तिथेच उभ्या उभ्या खाल्लं. गोदाताई पडवीत बसून हे बघत होती आणि डोळे पुसत होती. तिची ट्रंक रिकामी आहे, सकाळी मी पाहिलं. कोपऱ्यावर आता गुलाबांना जागा नाही. राहू दे.

एक गोष्ट राहिली. बायका देवाला हात जोडत होत्या, त्यात एक तरुण मुलगी होती. कडेवर तीन महिन्यांचं मूल, घोट्याजवळ जुन्या जखमेचा काळा डाग. तिने मूल ठमाबाईकडे दिलं आणि माझ्यासमोर वाकली. मला वाटलं मी देवाच्या आड उभी आहे, म्हणून दोन पावलं बाजूला सरले. तर तीही वळली आणि पुन्हा माझ्याच पाया पडली. मी तिला सांगितलं, अगं, देव तिकडे आहे. ती हसली आणि मूल माझ्या हातात दिलं. धाकू खाडीकडे बघत होता.

मूल बरंच जड होतं. मला धरता येत नव्हतं, तरी त्याने रडं काढलं नाही.

नोंद करून ठेवते. वेळ, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. कारण समजलं नाही.